काट्यांमागचा उजेड

"अण्णा, हा नको. बारका स्क्रूड्रायव्हर द्या."

अण्णांनी वाटीतले स्क्रू खाली ठेवले आणि पिशवीत हात घातला. रविवारची दुपार होती. आमचा ट्रक दारातल्या बाभळीखाली उभा होता आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे टेकून, स्टिअरिंगवर ओणवी होऊन, मीटरची अख्खी पाटी बाहेर ओढत होते. वेगाचा, डिझेलचा, इंजिनच्या गरमीचा, ऑइलचा, ब्रेकच्या हवेचा, असे सगळे काटे त्या एका पाटीत होते. पाटीच्या मागे बोराएवढे बल्ब. एकेक फिरवून काढला तर निम्म्यांच्या काचा आतून काळ्या पडलेल्या.

"हवेच्या काट्याचा बल्ब तर कधीचा गेलाय," मी म्हटलं. "तुम्ही ब्रेक कशाच्या भरवशावर मारायलेत?"

"पायाच्या," अण्णा म्हणाले. "पायाला कळतं."

पण डोळ्यांना कळेनासं झालं होतं, म्हणून तर हा उद्योग. मागच्या महिन्यात विटा घेऊन येताना इंजिन तापून वाफ निघेपर्यंत त्यांना काटा दिसला नव्हता. मी तेव्हा तालुक्याला आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हटलं, मी एलईडी टाकून देते, पांढरे, लख्ख. त्यांना ते पटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेल्या माणसाची ही पहिली स्वतःची गाडी होती आणि तिच्यासाठी काहीही करायला ते तयार असत.

गाडीच्या कपाळावर 'भागवत कृपा' लिहिलं होतं. भागवत माझा मोठा भाऊ. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. एका हिवाळ्यात कामावरून मोटरसायकलवर येताना, आमच्या गावाच्या अलीकडच्या वळणावर, रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्यातरी ट्रकला मागून धडकला आणि गेला. ट्रक पळून गेला. कोणाचा, कुठला, काही कळलं नाही. लोक म्हणायचे, पिऊन असेल. कोणी म्हणायचे, पेंगला असेल. दादा पीत नव्हता. आणि त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता.

माय तेव्हापासून बोलायची थांबली होती. भाकरी थापायची, शेण काढायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. बाकी नुसती उंबऱ्यात बसून असायची. त्या दुपारीही तशीच बसली होती, आमच्याकडे तोंड करून, पण आमच्याकडे न बघता.

मी नवे दिवे बसवले. एक पेटेना. काढून उलटा करून लावला, तशी पाटी झगझगीत पांढरी झाली.

"आयला!" अण्णा दारातून आत डोकं घालून म्हणाले. "दवाखान्यात आल्यासारखं वाटायलंय."

"दिसतं का हवेचं?"

"आकडे दिसायलेत, संजे. आकडे!"

त्यांनी मागे वळून मायला हाक मारली, बघायला ये म्हणून. ती आली नाही. मी पाटी बसवली, स्क्रू आवळले, दिवे बंद केले. अण्णांनी किल्ली काढून खुंटीला अडकवली.

दिवेलागणीला मी चुलीपाशी होते. माय पाण्याची कळशी घेऊन अंगणातून आली आणि दारातच थांबली. कळशी तिच्या कडेवरच होती.

"संजे," ती म्हणाली, "गाडीत कोण बसलंय?"

तीन वर्षांत तिनं स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. मी बाहेर आले. अंधारून आलं होतं. बाभळीखाली ट्रकची नुसती आकृती उरली होती, आणि समोरच्या काचेमागे, स्टिअरिंगच्या वर, फिकट निळसर उजेड होता. एवढा फिकट की नीट बघायला गेलं की नाहीसा व्हायचा आणि नजर जरा बाजूला केली की परत दिसायचा.

मी केबिनमध्ये चढले. किल्ली नव्हती. दिव्यांचं बटण बंद होतं, मीटरच्या दिव्यांचं वेगळं बटणही बंद. तरी सगळे काटे, शून्यावर टेकलेले, त्या उजेडात दिसत होते. रिकाम्या सीटवरही तो उजेड थोडा पडला होता.

खाली उतरले तर माय गाडीच्या तोंडाशी येऊन उभी होती.

"भागू आलाय," ती म्हणाली.

"माय, वायरीतून थोडा करंट येत असेल. नवे दिवे थोडक्यावरही—"

"त्याला गाडी चालवायची होती ना? बापासारखी." तिनं बंपरवर हात ठेवला. "भागू, जेवलास का रे?"

अण्णा मागे उभे होते. त्यांनी माझा दंड धरला आणि मला घरात नेलं.

मी त्यांना समजावून सांगितलं. जुन्या बल्बला पेटायला बराच करंट लागतो, एलईडीला थेंबभरही पुरतो. कुठंतरी वायर सोललीय किंवा ओल लागलीय, तिथून बॅटरीतला करंट झिरपतोय. पहिल्यापासूनच झिरपत असणार, आता दिसायला लागला एवढंच.

"उद्या शोधून काढते," मी म्हटलं.

"नको," अण्णा म्हणाले.

"अण्णा, बॅटरी उतरेल. आणि सोललेली वायर पत्र्याला लागली तर गाडी पेटेल."

"रात्री निजताना मी बॅटरीची वायर काढीन. सकाळी लावीन." ते बाहेर बघत होते. अंगणातून मायचा आवाज येत होता, हळू, एकसारखा. "ऐकायलीस का तू? ती बोलायलीय."

मग ते रोजचंच झालं. सांज झाली की माय केस विंचरायची, पदर नीट घ्यायची आणि गाडीसमोर बाज ओढून बसायची. दिवसभराचं सगळं सांगायची. शेळी व्याली, मामाची चिठ्ठी आली, संजीला आता बघायला पाहिजे कुठंतरी. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखी, आणि हसायची. तिला भूक लागायला लागली. रंग सुधारला. मी मात्र त्या वेळी अंगणात पाऊल टाकायची नाही. तो उजेड कशामुळे आहे हे मला ठाऊक होतं, तरी पाठीवर काटा यायचा. एकदा काचेवरून वटवाघूळ गेलं आणि सीटवर कोणीतरी मान वळवल्यासारखं वाटलं. मी आयटीआयचं पुस्तक उघडून, त्यात बोट घालून, भिंतीकडे तोंड करून बसले.

महिन्याभरात वायर जळल्याचा वास आला. दिवसा, गाडी चालू असताना, अण्णांनाच आला. तेव्हा ते घाबरले. माय मामाकडे बारशाला गेली तो दिवस बघून आम्ही गाडी उघडली.

मी टेस्टर घेऊन मीटरपासून मागे मागे वायर धरत गेले. एक वायर ओळखीची नव्हती. कंपनीच्या वायरी एका रंगाच्या पट्टीत बांधलेल्या होत्या, आणि ही जाड, काळी, वेगळीच, पायाजवळच्या पत्र्याच्या मागून आलेली. हात आत घातला. बोटांना काहीतरी लागलं. एक बटण. वरखाली होणारं, लोखंडी दांडीचं, गंजून चिकट झालेलं. बाहेरून दिसणार नाही अशा जागी, पण ड्रायव्हरचा डावा हात सहज पोचेल असं.

"अण्णा, हे कशाचं बटण आहे?"

"कुठलं?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही बा."

"मागं जाऊन उभे राहा. मी दिवे लावते."

ते मागे गेले. मी पुढचे, मागचे सगळे दिवे लावले.

"लाल लागला का?"

"लागला. दोन्ही."

मी ती दांडी खाली ओढली. ती घट्ट होती, मग खाट्कन पडली.

"गेले," अण्णा ओरडले. "दोन्ही गेले. नंबरप्लेटचाही गेला. पुढचे बघ."

पुढच्या दिव्यांचा समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड गेला होता. बाहेरचं सगळं विझलं होतं. आणि माझ्यासमोर काट्यांची पाटी तशीच लख्ख पेटलेली होती. ड्रायव्हरला आतलं सगळं दिसत राहावं, आणि गाडी मात्र कोणाला दिसू नये, अशी ती जोडणी होती. त्या गंजलेल्या बटणातूनच बॅटरीचा करंट मीटरच्या दिव्यांत झिरपत होता.

"सापडलं, अण्णा!" मी आनंदानं ओरडले. मला खरंच आनंद झाला होता. कोडं सुटलं होतं.

अण्णा केबिनच्या दाराशी आले. त्यांनी बटण बघितलं, दांडी एकदा वर केली, एकदा खाली.

"रेतीची गाडी," ते म्हणाले.

गंगेतून, म्हणजे आमच्या नदीतून, रात्री चोरून रेती काढणाऱ्या गाड्या तहसीलचं पथक आलं की अशाच अंधार करून उभ्या राहतात किंवा पळतात, हे आमच्या भागात पोरालाही ठाऊक. अण्णा परत मागे गेले. मी उतरून त्यांच्या मागे गेले तर ते गाडीच्या पाठीमागे उकिडवे बसले होते आणि खालच्या लोखंडी पट्टीवरून हात फिरवत होते.

"घेतली तेव्हा ही पट्टी नवी होती," ते म्हणाले. "सगळी गाडी जुनी आणि एवढी एकच पट्टी नवी. मी विचारलं होतं. डाके म्हणाले, मागं घेताना ओढ्यात आपटली."

दिगंबर डाके म्हणजे ज्यांनी आम्हाला ही गाडी दिली ते. नदीकाठच्या गावचे. दादा गेल्यावर वर्षाच्या आत ते आपणहून आमच्या दारी आले होते. आधीची काही ओळख नाही. म्हणाले, लिंबाजी, किती दिवस दुसऱ्याच्या गाडीवर राबणार, माझी घेऊन टाक, सवडीनं दे. अण्णांना देव भेटल्यासारखं झालं होतं. दर दिवाळीला डाके फराळ घेऊन यायचे. आमच्यात जेवायचे. मायला वैनी म्हणायचे.

मला हे सगळं एकदम नाही जुळलं. आधी अण्णांच्या चेहऱ्यावर दिसलं, मग मला कळलं.

"अण्णा, रेतीच्या गाड्या शंभर असतील."

"असतील."

"मग?"

"मग तो एकटाच आपल्या दारी का आला गं, गाडी घेऊन?"

ते तिथंच मातीत बसले. म्हणाले, "तू जा. विचारून ये. मी गेलो तर हातात काहीतरी घेऊन जाईन."

मी सायकल काढली.

डाकेकाकांचं घर नदीकडच्या उतारावर होतं. ते ओट्यावर बसून दोर वळत होते. मला बघून त्यांनी हसून घरात आवाज दिला, "चहा टाका, लिंबाजीची पोरगी आलीय."

"चहा नको," मी म्हटलं. "गाडीतलं बटण सापडलं."

दोर वळणारे हात थांबले. घरातून कपबशांचा आवाज आला. त्यांनी उठून दार ओढून घेतलं आणि परत बसले.

"बस," ते म्हणाले.

मी उभीच राहिले.

"तुम्ही होतात का?"

त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

"तिथं वळणावर गाडी का लावली होती?"

"पुढं पथक आहे म्हणून फोन आला. गाडी थांबवली, बटण पाडलं. म्हटलं, जाऊ दे त्यांना, मग निघू." ते हातातल्या दोराकडे बघत बोलत होते. "बाजूलाही घेतली नाही. रेती भरलेली, कडेला रुतली असती. आणि मागून धप्प आवाज आला. मला आधी टायर वाटला. आरशात बघितलं तर काही दिसेना. सगळे दिवे मीच घालवलेले."

"उतरलात?"

ते दोराचा पीळ उलगडत बसले.

"काका, खाली उतरलात का?"

"नाही."

"जिवंत होता का तो?"

"आवाज येत होता."

"काय म्हणत होता?"

"कळलं नाही, पोरी. मी गाडी चालू केली. इंजिनच्या आवाजात..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी कळलं कोणाचा कोण ते. त्या दिवसापासून रेतीला शिवलो नाही मी. गाडी समोर बघवेना. भंगारात घालणार होतो. मग वाटलं, त्याच्या बापानं चालवावी. त्याच्या घरात दोन घास जावेत तिच्यावर."

"तुम्ही आमच्यात जेवलात."

"हो."

"माय तुम्हाला आग्रह करून वाढायची."

"घशाखाली उतरायचं नाही. पण नाही म्हणायचीही छाती नव्हती."

मला वाटलं होतं, मी ओरडेन, दगड उचलेन. त्यातलं काहीच झालं नाही. रोज सांजेला माय ज्या उजेडाशी बोलत होती तो ह्या माणसाच्या हातानं लावलेल्या बटणातून येत होता. आणि दादाच्या शेवटच्या क्षणी, रस्त्यावर अंधारात तो पडलेला असताना, आतमध्ये हेच काटे ह्याच्यासमोर पेटलेले असणार.

"उद्या सकाळी घरी या," मी म्हटलं. "माय येईल तोवर. तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

घरी आले तेव्हा अण्णांनी विचारलं, "तोच?"

"तोच."

पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही.

डाके येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. पायी आले. माय नुकतीच मामाकडून परतली होती. तिनं नेहमीसारखा पाण्याचा तांब्या आणला. त्यांनी तो घेतला नाही. उभ्या उभ्याच, मान खाली घालून, सगळं सांगितलं. फोन, बटण, धडक, पळून जाणं. अण्णा ओट्यावर होते. ऐकता ऐकता उठले आणि परसात गेले, भिंतीआड. सगळं ऐकू येईल पण तोंड दिसणार नाही एवढ्याच अंतरावर.

माय तांब्या धरून उभी होती. ती रडली नाही. मला भीती वाटली की ती पुन्हा आधीसारखी होणार, दगडासारखी, आणि यावेळी कायमची.

"लगेच गेला का?" तिनं विचारलं.

"नाही, वैनी."

"मग काही बोलला असेल."

डाक्यांनी मान वर केली. मायकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला कळलं की आता ते मलाच विचारतायत, आणि मी काय सांगावं ते मलाही ठाऊक नव्हतं. मी नुसती बघत राहिले.

"माय म्हणाला," ते म्हणाले.

माय एक पाऊल पुढे आली.

"आणि पाणी मागितलं. गाडीत कॅन होता. मी पाजलं."

"किती प्याला?"

"दोन-तीन घोट."

"खाली रस्त्यावरच पडला होता? डोकं तसंच जमिनीवर?"

"नाही, वैनी. मी मांडीवर घेतलं होतं." त्यांनी मान पुन्हा खाली घातली. "माझ्या मांडीवरच गेला. मग मी घाबरलो आणि पळालो."

मी काही बोलले असते तर ते तिथंच मोडलं असतं. खोटं आहे, माय, हा उतरलाच नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलेलं. पण मायचा चेहरा मी बघत होते. इतके दिवस आवळलेलं काहीतरी त्यात सुटत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती पुसतही नव्हती.

"बरं केलंत," ती त्याला म्हणाली. माझ्या भावाला मारणाऱ्याला. "पाणी पाजलंत. बरं केलंत. आता जा. परत ह्या दारात येऊ नका."

डाके भिंतीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "लिंबाजी, मी ठाण्यात चाललोय."

"जा," भिंतीआडून आवाज आला.

ते खरंच गेले. दुपारी पोलीस आले, पंचनामा झाला, गाडी ओढून ठाण्याच्या आवारात नेली. बाभळीखाली तेलाचे डाग तेवढे राहिले. सांजेला मला धास्ती होती की माय बाज ओढून रिकाम्या जागेसमोर बसेल. ती बसली नाही. तुळशीला दिवा लावून घरात आली.

"तो आता तिथं नाही," ती म्हणाली. "पाणी पिऊन गेला."

अण्णा पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जायला लागले. माय हळूहळू माणसांत आली. दादाच्या श्राद्धाला ती दरवर्षी आठवणीनं बायकांना सांगायची, माझं लेकरू तहानलेलं नाही गेलं, मारणाऱ्यानंच का होईना, पाणी घातलं त्याच्या तोंडात. बायका डोळ्याला पदर लावायच्या. अण्णा त्या वेळी कुठंतरी बाहेर असायचे. मी भाकऱ्या थापत असायची.

मी एकटी असले की मात्र मला तो रस्ता दिसायचा. मांडी नाही, पाणी नाही. अंधार आणि दूर जाणारा इंजिनचा आवाज. अजूनही दिसतो. गाडीत बसल्यावर कोणी समोरच्या काट्यांचा दिवा लावला की मी खिडकीबाहेर बघते.

खटला उभा राहायला बरीच वर्षं गेली. तोवर मी वीज विभागात लागले होते, माझं लग्न झालं होतं. डाक्यांच्या जबानीच्या तारखेला अण्णा निघाले तेव्हा मी माहेरीच होते, म्हणून सोबत गेले. मायला गुडघ्यांमुळे जमणार नव्हतं.

कोर्टात पंखे फिरत होते आणि बाहेर कोणीतरी टाइप करत होतं. डाके पांढरे झाले होते, कपडे अंगावर लोंबत होते. न्यायाधीशांनी त्यांना एकेक गोष्ट विचारली. ते प्रत्येकीला सावकाश उत्तर देत होते. काही नाकारत नव्हते.

"धडक झाल्यावर तुम्ही वाहनातून खाली उतरलात का?"

"नाही, साहेब."

"जखमीला काही मदत केली? पाणी वगैरे?"

डाक्यांनी एकदा आमच्या बाकाकडे बघितलं. माय नाही, हे त्यांनी बघून घेतलं असावं.

"नाही, साहेब. मी उतरलोच नाही. तसाच निघून गेलो."

शेजारी अण्णांचा हात गुडघ्यावर होता. तो हळूहळू मिटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसून आलो. गावाच्या अलीकडचं ते वळण आलं तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले. फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत गेलो. ते पुढे, मी मागे. मला सारखं वाटत होतं, आता ते वळून विचारतील, तुला ठाऊक होतं का. त्यांनी विचारलं नाही.

माय दारातच होती. एका हातानं चौकट धरून उभी.

"झालं का? काय म्हणाला तो?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे.

"तेच," अण्णा म्हणाले. ते वाकून चपला काढत होते.

"तेच म्हणजे?"

"कॅनमधलं पाणी पाजलं म्हणाला. मांडीवर डोकं घेतलं होतं म्हणाला." चपलेचा पट्टा त्यांना सुटत नव्हता. "माय म्हणून गेला, म्हणाला."

मायनं चौकटीवरचा हात काढला.

"कोर्टात शपथ घ्यावी लागते ना?" तिनं विचारलं.

"लागते."

"मग खरंच," माय म्हणाली, आणि आम्हाला जेवायला वाढायला आत गेली.